ऑस्मंडचं उत्तर ऐकू येत नाही

मंगळवार, ६ मे

ऑस्मंड बील आज एक काळा डबा घेऊन मागच्या दाराने आला. मला वाटलं टीव्हीचा जुना रिमोट आहे.

"स्कॅनर आहे," तो म्हणाला. "माचायस गावात कोणी घर आवरत होतं, तिथे मिळाला. तुला म्हणून आणला."

"मी काय करू त्याचं?"

"ऐकायचं. आगबंबवाले, अ‍ॅम्ब्युलन्स, बोटी. बोलता येत नाही त्याच्यातून. नुसतं ऐकायचं."

"म्हणजे मला जमायचं नाही," मी म्हणाले, आणि तो इतका हसला की टेबलावर कॉफी सांडली. पुसली मात्र मीच.

ऑस्मंड माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. आम्ही पहिलीपासून एका वर्गात होतो, त्यामुळे त्याचा मान ठेवायची सवय मला लागलीच नाही. चाळीस वर्षं शेवंडींचे सापळे उचलून त्याचे गुडघे गेले. आता तो समोरच्या शेडमध्ये बसून लोकांचे सापळे दुरुस्त करतो आणि माझ्या घरात डोकावतो. माझं स्वयंपाकघर फार शांत झालंय, असं त्याचं म्हणणं. माझं स्वयंपाकघर जसं आहे तसं मला बरं वाटतं. डबा फ्रिजवर ठेवून दिला.

गुरुवार, ८ मे

पाऊस. करायला काही नव्हतं, म्हणून डबा खाली काढला. बरोबरच्या पुस्तकाची पहिली अकरा पानं गायब आहेत. सुरू कसं करायचं ते बहुधा त्यातच असावं.

तासभर नुसती खरखर. शेवटी कळलं की वरचं एक गोल बटण त्या खरखरीसाठीच असतं. थोडं फिरवलं की ती थांबते आणि कोणी बोललं तरच आवाज येतो. जास्त फिरवलं तर खरखरीबरोबर माणसंही दबतात. मी अर्थात जास्तच फिरवलं, आणि दुपारभर जगात कोणी बोलतच नाही असं समजून बसले.

जेवायच्या वेळी हवामान सांगणारा एक यंत्रातला माणूस लागला. वारा, लाटा, धुकं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं काढली मी, पण एकच गोष्ट इतक्या वेळा सांगणारा मुख्याध्यापकही पाहिला नव्हता.

सोमवार, १२ मे

ऑस्मंडने आज नंबर भरायला शिकवलं. प्रत्येक चॅनेलचा सहा आकडी नंबर असतो. तो दाबायचा आणि लक्षात ठेवायचं बटण दाबायचं. मग डबा एकामागून एक सगळे चॅनेल पाहत धावतो आणि जिथे आवाज असेल तिथे थांबतो. हवामानवाला कधीच गप्प बसत नाही, त्यामुळे डबा त्याच्यापाशीच अडकून पडतो. त्याला वगळायचंही एक बटण आहे. ते दाबताना मला फार समाधान वाटलं.

ऑस्मंडने आगबंबाचा नंबर दिला, मदतीच्या हाकेचा दिला, आणि मग सहज म्हणून अडुसष्ट क्रमांकाच्या चॅनेलचा.

"ते काय?"

"आपले बंदरवाले त्यावर बोलतात. नसेल हवं तर राहू दे."

मी भरला. रिकामी जागा तशीही होतीच.

गुरुवार, १५ मे

सकाळी सहाला भांडी घासत होते. डबा म्हणाला, "लिओटा आर. बोलतेय, लिओटा आर."

हातातली बशी सुटली. फुटली नाही, पण सुटली. माझंच नाव आहे ते. इथे बोटीला बायकोचं नाव देतात, आणि व्हर्जिलने बावीस वर्षांपूर्वी माझं दिलं. आवाज जॅनेलचा होता. माझ्या लेकीचा. मार्चनंतर पहिल्यांदा ऐकला.

इथे कोणी वाचणार नाही, तर लिहूनच टाकते. व्हर्जिल गेल्यावर दीड वर्षाने मी बोट विकायला काढली. जॅनेलला विचारलं नाही, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. मग बोटीच्या कागदांवर तिचंही नाव निघालं. व्हर्जिलने मला न सांगता घातलं होतं. ती म्हणाली, बोट मीच चालवणार. मी म्हणाले, त्या बोटीवर पाय ठेवलास तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. जॅनेल लहानपणापासून माझं काही ऐकत नाही, पण हे तेवढं तिने तंतोतंत ऐकलं. ती बंदराच्या पलीकडच्या अंगाला राहते. माझ्या खिडकीतून तिचा दिवा दिसतो.

डब्यातून ती म्हणाली, "ऑस्मंड, निघालेय. लाइफ जॅकेट घातलंय. वारा नैर्ऋत्येचा, फार नाही. नऊला परत बोलते."

म्हणजे ऑस्मंडशी बोलते. बरं आहे.

मंगळवार, २० मे

सहा, नऊ, बारा आणि परत आल्यावर. एकदाही चुकवत नाही. किती सापळे झाले, काय खाल्लं, हात कसे आहेत. ऑस्मंडला तिच्या सॅंडविचमध्ये काय होतं याच्याशी काय देणंघेणं, मला समजत नाही. व्हर्जिल अख्ख्या दिवसात चार शब्द बोलायचा.

एक अडचण आहे. मला तिचं ऐकू येतं, ऑस्मंडचं उत्तर ऐकू येत नाही. ती बोलते, थोडं थांबते, मग "बरं" म्हणते. मधलं गायब. ऑस्मंडला विचारलं तर तो कान खाजवत म्हणाला, "माझा सेट जुना आहे, जोर कमी पडतो." मला वाटतं दोष माझ्या अँटेनाचा आहे. डब्याबरोबर आलेली ती आखूड रबरी दांडी काही कामाची नाही.

मंगळवार, ३ जून

अँटेनाची लढाई चालू आहे. आधी डबा खिडकीत ठेवला. मग माडीवर. मग पुस्तकात वाचलं की उंची हेच सगळं, म्हणून दोन खिळे, तांब्याची तार आणि कपडे वाळत घालायची काठी घेऊन मी माळ्यावर चढले. सहासष्टाव्या वर्षी. आता खाडीपलीकडचे कॅनडाचे कोळी स्वच्छ ऐकू येतात. एकाच्या सासूचं ऑपरेशन आहे. पण चारशे फुटांवरच्या शेडमधला ऑस्मंड काही ऐकू येत नाही.

आज नऊला जॅनेल त्याच्याशी बोलली आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी तो मर्नाच्या दुकानातून डोनट खात बाहेर येताना दिसला. शेडपासून दुकान चांगलं लांब आहे. गुडघ्यांना आराम पडलेला दिसतो.

रविवार, ८ जून

उन्हाळ्यात रविवारी सापळे उचलायचे नाहीत असा कायदा आहे, त्यामुळे अडुसष्टवर शुकशुकाट. तरी डबा चालूच ठेवला. का, ते लिहिते.

व्हर्जिल असताना या ओट्यावर एक मोठा रेडिओ असायचा. बोलणारा, ऐकणारा. त्या ऑक्टोबरात चर्चच्या जेवणासाठी मला दहा अ‍ॅपल पाय भाजायचे होते, आणि ती बडबड नको वाटली म्हणून मी तो बंद केला. दुपारी बाकीच्या कोळ्यांना बोट गोल गोल फिरताना सापडली, आणि व्हर्जिल आत. डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं, हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल. सगळे तेच म्हणतात. पण त्याने मारली की नाही हे सांगू शकलं असतं असं एकच यंत्र घरात होतं, आणि ते मी बंद केलं होतं. महिन्याभरात ते देऊन टाकलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, जॅनेलला तर नाहीच.

मला भीती वाटते. म्हणून बोट विकायची होती. एवढंच वाक्य तेव्हा बोलले असते तर पुरलं असतं, पण मी भलतंच बोलले.

मंगळवार, २४ जून

आज हसू आलं. सगळ्या बंदराला ऐकू जातं म्हणून कोणी आपली जागा रेडिओवर सांगत नाही. जॅनेल म्हणाली, "ऑस्मंड, बाबांच्या चुलीपाशी आहे. बरं चाललंय."

चूल म्हणजे काय ते बंदरात कोणाला ठाऊक नाही. शीप बेटाच्या मागे पाण्याखाली एक खडक आहे. लग्नाच्या वर्षी आम्ही तिथे नांगर टाकून स्टोव्हवर अंडी तळली होती, म्हणून व्हर्जिलने त्याला चूल म्हटलं. पाळणा, चूल, सासूबाईंचा दात, असे त्याचे सात-आठ खडक होते. ही नावं आमच्या तिघांतच होती. पोरीने चांगली युक्ती काढली. ऑस्मंडला तरी काय कळत असेल देव जाणे.

पहिल्याच हंगामात एकटीने चूल शोधली. तिच्या बापाला चार वर्षं लागली होती.

शुक्रवार, ११ जुलै

आज जॅनेलने बारा वाजता सांगितलं की चुलीपाशी प्रत्येक सापळ्यात दोन-तीन शेवंडी आहेत, पाठ मोडली पण थांबवत नाही. आवाज असा की जणू ती दहा वर्षांची आहे.

मी दुकानात यीस्ट आणायला गेले. मर्ना गल्ल्यावर होती, मागे कॉफीपाशी तीन-चार जण. मर्ना म्हणाली, "बिचाऱ्या जॅनेलचं जमतंय का गं? पोरीने एकटीने बोट चालवायची म्हणजे..."

तो "बिचाऱ्या" माझ्या डोक्यात गेला. "बिचारी कशाला?" मी म्हणाले. "शीप बेटाच्या मागे एकेका सापळ्यात तीन-तीन येताहेत तिला. तुमच्या पुरुषांना विचार, त्यांना किती येतात."

मर्नाचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येईपर्यंत मी खूश होते.

सोमवार, १४ जुलै

सहाला ती निघाली. नऊला म्हणाली, "ऑस्मंड, चुलीभोवती आज नऊ बोये आहेत. माझे सोडून." पाण्यावर तरंगणारा एकेक बोया म्हणजे खाली दुसऱ्या कोणाचा तरी सापळा. मग बटण सोडल्याचा आवाज.

बाराला बोलली नाही. परत आल्यावरही नाही. चारला तिची बोट धक्क्याला लागताना खिडकीतून दिसली, तेव्हा मी खाली बसले.

रेडिओवर ऐकलेलं जमिनीवर बोलायचं नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चाळीस वर्षं कोळ्याची बायको होते मी.

बुधवार, १६ जुलै

काही नाही. कालही नाही. डब्याच्या बॅटऱ्या बदलल्या. माळ्यावर जाऊन तार पाहिली. कॅनडाच्या माणसाची सासू घरी आली. डबा ठीक आहे. बिघडलंय ते माझ्यामुळे बिघडलंय.

दुकानात गेले नाही. ब्रेडशिवाय चालतं.

शनिवार, १९ जुलै

पाच दिवस झाले. सकाळी उठून ऑस्मंडच्या शेडमध्ये गेले. तो सापळ्याला नवी जाळी बांधत होता.

"चुलीचं मी फोडलं," मी म्हणाले. "तू तिच्याशी रेडिओवर बोलतोस ना, तर सांग तिला. मी बोलले म्हणावं. आणि मला वाईट वाटतंय म्हणावं. नाही, वाईट वाटतंय ते राहू दे. बरं, सांग."

"कुठल्या रेडिओवर?" तो म्हणाला.

मी त्याच्या मागे पाहिलं. त्याचा सेट फळीवर होता, त्यावर रंगाचे डबे ठेवलेले. अँटेनाचा खांब बाहेर गवतात आडवा पडला होता आणि त्याच्यावर वेल चढली होती.

"जानेवारीच्या वादळात पडला," ऑस्मंड म्हणाला. "उभा करायचा राहिला. गुडघे."

"मग ती तुझ्याशी कशी बोलते?"

"माझ्याशी नाही बोलत."

"रोज चार वेळा तुझं नाव घेते ती, ऑस्मंड."

"नाव घेते." तो जाळी बांधत राहिला. "लिओटा, शाळेत तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. मी तुला तो डबा दिला, त्याच दिवशी तिला जाऊन सांगितलं. आता तूच विचार कर. माझ्या काय बापाने पाहिली होती ती चूल?"

मी तिथल्या एका उलट्या बादलीवर बसले. लाइफ जॅकेट. सॅंडविच. हात कसे आहेत. दोन महिने मी तारा बांधत होते, चारशे फुटांवरचं उत्तर ऐकू येत नाही म्हणून. मला रडू आलं. ऑस्मंडने रंगाचं फडकं पुढे केलं, ते मी घेतलं नाही.

सोमवार, २१ जुलै

पहाटे साडेचारला धक्क्यावर गेले. फटफटलं होतं. व्हर्जिलला आणलं त्या दिवसानंतर तिथे पाय ठेवला नव्हता. आमिषाच्या पिंपांचा वास तोच. डबा कोटाच्या खिशात होता. तो का नेला, ते मलाही ठाऊक नाही.

जॅनेल केशरी रबरी डगला घालून पिंपं बोटीत घेत होती. बारीक झालीय. मला पाहून थांबली नाही.

"काय गं?"

"चुलीचं मी बोलले. मर्नाच्या दुकानात, सगळ्यांसमोर."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"आई, ती नावं ठाऊक असलेली दोनच माणसं आहेत आता. मी तर कोणाला सांगितलं नव्हतं."

"हंगाम घालवला मी तुझा."

"एक खडक घालवलास. चांगला होता. सगळ्यात चांगला होता." तिने पिंप खाली ठेवलं. "इतकी चिडले होते मी त्या दिवशी. तुझ्या नावाने जे जे आठवलं ते सगळं बोलून घेतलं. बरं झालं बटण दाबलेलं नव्हतं."

"मग?"

"मग खाली बसले." ती हातमोजा काढत होती, माझ्याकडे न बघता. "दोन महिने रोज त्या माइकमध्ये बोलत होते. तू ऐकतेस की तो डबा फ्रिजवर पडलाय, कळायला मार्ग नव्हता. ऑस्मंड म्हणायचा, ऐकते. पण ऑस्मंड काय, सगळ्यांना बरं वाटेल तेच सांगतो. ते नऊ बोये पाहिले आणि म्हटलं, चला. ऐकते तर."

मी म्हणाले, "त्याचं नाव कशाला घ्यायचीस?"

"तुझं घेतलं असतं तर तू डबा बंद केला असतास."

हे खरं आहे. तिला मी ओळखते तेवढीच ती मला ओळखते.

मग तिथेच उभ्याने मी तिला त्या दिवशीच्या रेडिओचं सांगितलं. दहा अ‍ॅपल पायांसकट. तिने दुसरा हातमोजाही काढला. मग म्हणाली, "बाबा कधी हाक मारायचे का गं? इंजिन बंद पडलं तरी तासभर स्वतःच खटपट करायचे." आणि माझ्या कोटाची वरची गुंडी लावली, मी लहान असल्यासारखी.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

"मलाही वाटते. म्हणून तर बोलते."

"मग बोलणं का थांबवलंस?"

"दोन दिवस राग म्हणून. नंतर चॅनेल बदललं. अडुसष्टवर आता सगळे माझ्यावर कान ठेवून आहेत. मला वाटलं तुझं यंत्र आपोआप शोधेल."

"आपोआप कसं शोधेल? त्याला नंबर द्यावा लागतो. दे."

तिने सांगितला. मी खिशातून डबा काढला, सहा आकडे दाबले, लक्षात ठेवायचं बटण दाबलं, आणि अडुसष्ट वगळून टाकलं. अर्ध्या मिनिटाचं काम. जॅनेल बघतच राहिली.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"माळ्यावर तारही बांधलीय. कॅनडा ऐकू येतो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी पाहिलं ते. मग तिने दोर सोडला आणि मी धक्क्यावरून हात केला. बोट बंदराबाहेर वळेपर्यंत उभी राहिले.

मंगळवार, २२ जुलै

दुकानात गेले. कॉफीपाशी तेच तीन-चार जण. मर्ना म्हणाली, "जॅनेल हल्ली अडुसष्टवर नसते म्हणतात. कुठल्या चॅनेलवर असते गं?"

"मला काय विचारतेस? माझ्याशी कुठे बोलते ती," मी म्हणाले, आणि ब्रेड घेऊन आले.

बुधवार, २३ जुलै

सकाळी धुकं. सहाला काही आलं नाही. सहा वाजून पाच, दहा. मी नंबर दोनदा तपासला. खरखरीचं बटण थोडं सैल केलं. त्या चॅनेलवर दुसरं कोणीही नाही, कॅनडावालेही नाहीत. सव्वासहाला डबा बोलला.

"आई, जॅनेल. धुक्यासाठी थांबले होते, आता निघालेय. आज पाळण्याकडे जाते. दुपारी दोनपर्यंत परत येईन." मग थोडं थांबून, "मासे-बटाट्यांचं चावडर सूप करशील का? जेवायला येते म्हणते मी. तुझ्या दारात पाऊल टाकलेलं चालणार असेल तर."

आणि ती थांबली, नेहमी थांबते तशी, उत्तरापुरती.

मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने "ये" म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. डब्यातून काही जात नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे.

"बरं," जॅनेल म्हणाली.

मी बटाटे सोलायला घेतले.